हाय चेअरमधून सर्वांच्या टेबलाशी : केव्हा आणि कसे?

पारंबी

नमस्कार. आमचा मुलगा पावणेदोन वर्षांचा आहे आणि सध्या हाय चेअर, म्हणजे ट्रे आणि पट्टा असलेली लहान मुलांची उंच खुर्ची, हा आमच्या घरात रोजच्या वादाचा विषय झाला आहे. बसवताना तो अंग ताठ करतो, ट्रे लावला की दोन्ही हातांनी पुढे ढकलतो, आणि पट्टा बांधलेला असला तरी एकेक खांदा सोडवून घेऊन खुर्चीत उभे राहणे त्याला आता जमू लागले आहे. आम्ही टेबलाशी जेवायला बसलो की त्याला आमच्यातच यायचे असते. मांडीवर घेतले तर तो खूश असतो, पण मग माझे जेवण होत नाही. मोठ्यांच्या खुर्चीवर बसवले तर टेबलाची कड त्याच्या हनुवटीशी येते, म्हणून तो गुडघ्यांवर उभा राहतो आणि थोड्याच वेळात खाली उतरतो.

सासूबाईंचे मत असे की तीन वर्षांचा होईपर्यंत त्याला उंच खुर्चीतच बसवावे, कारण तिथे तो निदान बांधलेला असतो. नवऱ्याचे म्हणणे असे की खाली एक-दोन उशा घालून सरळ मोठ्या खुर्चीवर बसवावे. मला दोन्ही पटत नाही, पण ठोस पर्यायही सुचत नाही. हा बदल कोणत्या वयात करावा, बूस्टर सीट (मोठ्या खुर्चीवर बांधायची, बैठक उंच करणारी छोटी सीट) घ्यावी की उंची बदलता येणारी लाकडी खुर्ची, आणि मुख्य म्हणजे ट्रे नसताना तो एका जागी बसेल का, याबद्दल ज्यांनी हे केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

तोल

मी लहान मुलांसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, म्हणजे बसणे, खाणे अशी रोजची कामे मुलांना जमावीत यासाठी, काम करते आणि पालक हा प्रश्न मला वारंवार विचारतात. यासाठी वयाची ठरलेली रेघ नाही. बहुतेक मुले दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान केव्हातरी हा बदल करतात, आणि एकाच घरातली दोन भावंडेसुद्धा वेगवेगळ्या वयांत तयार होतात. आधाराशिवाय सरळ बसून पूर्ण जेवण होणे, ट्रे नकोसा वाटणे, मांड्या खुर्चीत घट्ट बसू लागणे आणि मोठ्यांच्या ताटांकडे सतत लक्ष असणे या खुणा दिसल्या की वेळ आली असे समजावे. उत्पादकाने खुर्चीवर छापलेली वजनाची मर्यादाही एकदा वाचावी.

तुमच्या बाबतीत मात्र एक गोष्ट या सर्वांहून महत्त्वाची आहे, ती म्हणजे त्याचे खुर्चीत उभे राहणे. अमेरिकेतील रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतील २००३ ते २०१० या काळातल्या नोंदींचा अभ्यास झाला होता. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना हाय चेअर आणि बूस्टर सीट वापरताना झालेल्या दुखापतींची संख्या त्यात वर्षाला सरासरी नऊ हजारांहून अधिक निघाली. त्यांतील ९० टक्क्यांहून जास्त दुखापती पडल्यामुळे झालेल्या होत्या, आणि पडण्यापूर्वी मूल काय करत होते याची जिथे नोंद होती, तिथे सुमारे दोन-तृतीयांश मुले खुर्चीत उभी राहत होती किंवा चढत होती. सासूबाईंची काळजी योग्य आहे. पण ज्या पट्ट्यातून मूल सुटते तो पट्टा संरक्षण देत नाही, उलट आपल्याला गाफील करतो. तेव्हा खांद्यांचे आणि मांड्यांमधले पट्टे घट्ट करून पाहावेत, आणि तरीही तो सुटत असेल तर त्या उंचीवरून त्याला खाली आणावे.

आता बसण्याविषयी. लहान मूल टेबलाशी का बसत नाही, याचे उत्तर पुष्कळदा त्याच्या पायांत सापडते. पाय लटकत असले की धड स्थिर ठेवण्यासाठी पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंना सतत काम करावे लागते, आणि मग हात व तोंड यांच्या बारीक हालचालींसाठी मुलाकडे फारसे बळ उरत नाही. तुम्ही स्वतः उंच स्टुलावर पाय अधांतरी ठेवून जेवून पाहा. थोड्याच वेळात तुम्ही पाय कशाला तरी अडकवाल, नाहीतर टेबलावर रेलाल. मूल गुडघ्यांवर येते तेसुद्धा याच कारणाने. त्याला आधार हवा असतो आणि तो त्याला स्वतःच्या गुडघ्यांखाली मिळतो, आपल्याला मात्र तो हट्ट वाटतो.

नितंब, गुडघे आणि घोटे हे तिन्ही साधारण काटकोनात, पावले पूर्ण टेकलेली, आणि टेबलाचा पृष्ठभाग कोपरांच्या उंचीवर किंवा किंचित वर, अशी बैठक हवी. जेवणाची टेबले बहुधा ७२ ते ७६ सेंटीमीटर उंच असतात आणि खुर्चीची बैठक ४५ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे दोहोंत सुमारे ३० सेंटीमीटरचे अंतर असते. मुलाला एखाद्या बुटक्या, टणक स्टुलावर पाय टेकवून बसवा आणि बैठकीपासून त्याच्या दुमडलेल्या कोपरापर्यंतचे अंतर मोजा. ते समजा १६ सेंटीमीटर भरले, तर बैठक १२ ते १४ सेंटीमीटर वर उचलावी लागेल. त्यानंतर गुडघ्याच्या मागच्या खोबणीपासून टाचेपर्यंत मोजा. नव्या बैठकीखाली तेवढ्याच अंतरावर पायांना आधार यायला हवा. बैठकीची खोलीही पाहावी. पाठ टेकल्यावर गुडघ्याच्या मागे दोन बोटे जागा राहिली पाहिजे, नाहीतर मूल पुढे घसरत राहते. उशी या सगळ्यात बसत नाही, कारण ती दबते, सरकते आणि पायांना काहीच देत नाही.

शिसवी

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. लाकूडकामाची आवड असल्याने खुर्च्यांविषयी थोडे लिहितो.

उंची बदलता येणाऱ्या खुर्चीची कल्पना नेमक्या याच अडचणीतून आली. नॉर्वेतील डिझायनर पीटर ओप्सविक यांनी आपला लहान मुलगा जेवणाच्या टेबलाशी अवघडून, पाय लटकवून बसलेला पाहिला आणि बैठक व पायपट्टी दोन्ही वर-खाली सरकवता येतील अशी ट्रिप ट्रॅप ही खुर्ची घडवली. ती १९७२ मध्ये बाजारात आली. आज त्या धर्तीच्या खुर्च्या अनेक उत्पादक बनवतात. त्यांचा फायदा असा की मूल वाढते तशी पायपट्टी एकेक खाच खाली नेता येते आणि तीच खुर्ची अनेक वर्षे चालते. जागा कमी असेल किंवा खर्च करायचा नसेल तर बूस्टर सीटही चांगले काम करते, फक्त तिच्याबरोबर पायांची सोय वेगळी करावी लागते, आणि ती बहुतेक घरांत राहून जाते.

बूस्टर सीटला साधारणपणे दोन पट्टे असतात, एक मोठ्या खुर्चीच्या बैठकीखालून जाणारा आणि दुसरा पाठीमागून. दोन्ही बांधायचे असतात. एकच बांधला तर मूल पुढे झुकल्यावर सीट त्याच्यासह उचलली जाते. घडीच्या खुर्चीवर, चाकांच्या खुर्चीवर किंवा पाठ नसलेल्या स्टुलावर बूस्टर लावू नये. खरेदी करताना युरोपीय मानकांचे क्रमांक पाहायला मिळाले तर उपयोग होतो. हाय चेअरसाठी ईएन १४९८८, खुर्चीवर बसवायच्या सीटसाठी ईएन १६१२० आणि टेबलाच्या कडेला अडकवायच्या सीटसाठी ईएन १२७२ असे ते क्रमांक आहेत.

आणखी एक गोष्ट पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. पाय टेकायला जागा मिळाली की मूल त्याच पायांनी टेबलाच्या पायाला किंवा मधल्या दांडीला रेटा देते आणि खुर्ची मागच्या दोन पायांवर जाते. म्हणून खुर्ची जड आणि पसरट पायांची असावी, आणि मुलाचे पाय टेबलाच्या कोणत्याही भागापर्यंत पोहोचत नाहीत ना, हे त्याला बसवून तपासावे. पायपट्टी खुर्चीलाच जोडलेली असली तर हा धोका पुष्कळ कमी होतो. सुटी पेटी ठेवायची असेल तर ती भरीव आणि न सरकणारी हवी. तळाला रबराचा जाड तुकडा लावला की ती हलत नाही.

दोनचाकी

माझे मत थोडे वेगळे आहे. मुलाला मोठ्यांच्या उंचीवर चढवण्याची घाई का करायची? इटलीतील शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिले बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केले, आणि त्यांच्या पद्धतीत मुलाच्या मापाचे हलके फर्निचर हा मूलभूत भाग आहे. बुटके टेबल आणि बुटकी खुर्ची असली की मूल स्वतः येते, स्वतः बसते, पावले जमिनीला टेकलेली असतात, पडण्याचे भय नसते आणि जेवण झाल्यावर ते स्वतःचे भांडेही उचलून नेऊ शकते. आमच्या मुलीला आम्ही हाय चेअरमधून थेट अशा टेबलाशी आणले आणि तिचा बसण्यावरून होणारा रुसवा-फुगवा थांबला. वरच्या प्रतिसादांत मोजमापांची जी आकडेमोड दिली आहे, तिची गरजच तिथे पडत नाही.

सायसाखर

दोनचाकी, बुटक्या टेबलाचे तुम्ही सांगितलेले फायदे खरे आहेत आणि मधल्या वेळच्या खाण्यासाठी आम्हीही तेच वापरले. परंतु पारंबी यांचा मुलगा काय मागतो आहे, याकडे लक्ष द्यावे असे मला वाटते. त्याला खुर्ची बदलून नको आहे. त्याला माणसांत बसायचे आहे. मुख्य जेवणाला कोपऱ्यातल्या वेगळ्या टेबलाशी बसवले तर त्याची ती मागणी अपुरीच राहील, मग ते टेबल कितीही सोयीचे असो. मोठ्यांपैकी कोणी त्याच्याबरोबर खाली बसून जेवणार असेल तर गोष्ट निराळी.

जेवणे ही पाहून शिकण्याची गोष्ट आहे. साधारण दोन वर्षांच्या सुमारास मुलांमध्ये अनोळखी पदार्थांना नकार देण्याची प्रवृत्ती बळावते आणि ती पुढे काही वर्षे टिकते. एखादा पदार्थ स्वीकारण्यापूर्वी तो मुलासमोर आठ ते पंधरा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा यावा लागतो. समोर बसलेली आई तोच पदार्थ आवडीने खाते आहे, भाऊ त्यातले थोडे आणखी मागतो आहे, हे रोज पाहणाऱ्या मुलाला ती ओळख सहज होत जाते. हाय चेअरच्या ट्रेवर वेगळे वाढून, वेगळ्या वेळी भरवलेल्या मुलाला ती संधी मिळत नाही. टेबलाकडे जाण्याचा सर्वांत मोठा लाभ मला हाच वाटतो.

सुरुवात करताना एक मधली पायरी उपयोगी पडते. खुर्ची तशी परवानगी देत असेल तर फक्त ट्रे काढावा आणि तीच हाय चेअर टेबलाला भिडवावी. पट्टा तसाच राहतो, जागा ओळखीची राहते, पण ताट सर्वांच्या ताटांच्या ओळीत येते. काही दिवस हे रुळले की खुर्ची बदलणे फारसे जाणवत नाही. दिवसातल्या ज्या जेवणाला तो सर्वांत ताजातवाना असतो तेवढेच एक जेवण आधी टेबलाशी आणावे, बाकीची मागाहून.

पारंबी

सर्वांचे मनापासून आभार. मोजून पाहिले, आणि खरोखरच नेहमीच्या खुर्चीवर त्याचे कोपर टेबलाच्या कितीतरी खाली राहत होते. ट्रे काढून खुर्ची टेबलाला लावण्यापासून सुरुवात केली आहे आणि पुढे पायपट्टीची लाकडी खुर्ची घ्यायचे ठरवले आहे.

आता दुसरी अडचण. ट्रेची अडवणूक गेल्यावर चार घास खाऊन तो उतरण्यासाठी धडपडतो, खेळतो, पुन्हा येऊन घास मागतो आणि पुन्हा जातो. शिवाय तो पूर्वीपेक्षा कमी खातो आहे असे मला वाटते, त्यामुळे आलाच आहे तर एक घास द्यावा असा मोह होतो. हे असेच चालू द्यावे का?

आजोळ

पारंबी, मी दोन मुलांना आणि आता नातवंडांना टेबलाशी बसवले आहे, म्हणून अनुभवाचे लिहिते. या वयाचे मूल दहा-पंधरा मिनिटे बसले तर ते पुरेसे आहे. मोठ्यांच्या गप्पा संपेपर्यंत त्याने बसावे ही अपेक्षा धरू नकोस. आधी सगळे वाढून घ्यावे, पाणी, चमचा, पुसायचे फडके हाताशी ठेवावे, आणि मग त्याला बसवावे. त्याची ती मोजकी मिनिटे वाढण्यातच गेली, तर जेवायला उरत नाहीत.

कमी खाण्याची चिंता बहुतेक आयांना याच वयात लागते आणि तिला कारण आहे. पहिल्या वर्षात मुलाचे वजन जन्माच्या वेळच्या सुमारे तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोने वाढते. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. त्यातच दूध जास्त होत असेल तर जेवण मागे पडते आणि लोहही कमी पडू शकते, म्हणून दिवसभराचे दूध अर्ध्या लिटरच्या आसपास ठेवावे. मुलाचे वजन वाढीच्या तक्त्यावर त्याच्या नेहमीच्या रेषेच्या जवळपास चालले असेल तर चार घास कमी गेल्याने काही बिघडत नाही. रेषा घसरत असेल तर डॉक्टरांना विचारावे.

उतरण्याबद्दल मी एकच नियम पाळला, की जेवण टेबलाशी होते. उतरला म्हणजे पोट भरले असे समजून शांतपणे ताट उचलायचे. रागावायचे नाही, आर्जवे करायची नाहीत आणि घास हातात घेऊन मागे धावायचे तर मुळीच नाही. पुढचे खाणे दोन-तीन तासांनी असतेच.

दोनचाकी

आजोळ, आपल्या अनुभवाचा आदर राखून विचारतो. पावणेदोन वर्षांच्या मुलाला उतरल्याबरोबर ताट उचलणे म्हणजे शिक्षा वाटणार नाही का? त्याला अजून नीट बोलता येत नाही. त्याला कदाचित पाणी हवे असेल किंवा चमचा खाली पडला असेल.

आजोळ

प्रश्न योग्य आहे. पहिल्यांदा उतरायला लागला की मी विचारते, "झाले का? उतरलास तर ताट उचलणार." आणि काही अडले आहे का ते पाहते. परत बसवून एक संधी देते. दुसऱ्यांदा उतरला की मग मात्र उचलते, आणि तेव्हा माझ्या आवाजात राग नसतो, म्हणून ती शिक्षा होत नाही. आजारपणात, दात येत असताना किंवा प्रवासात हा नियम मी बाजूला ठेवते. रोजचे दिवस एकसारखे असले की अधूनमधून ढिलाई दिल्याने घडी विस्कटत नाही.

सायसाखर

आजोळ यांनी जे सांगितले त्याच्याशी जुळणारी मांडणी एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी केली आहे. काय वाढायचे, केव्हा आणि कुठे, हे पालकांनी ठरवायचे. खायचे की नाही आणि किती, हे मुलाने ठरवायचे. माझ्या पाहण्यात पालक बहुतेकदा उलटे करतात. जागा आणि वेळ मुलाच्या मर्जीवर सोडतात आणि प्रमाणावर मात्र स्वतः अडून बसतात. खाण्याची जागा टेबल हीच, हे ठाम ठेवा आणि त्याने किती खाल्ले याची मोजदाद सोडून द्या. एक पदार्थ तरी त्याला आवडणारा असावा, म्हणजे तो उपाशी उठणार नाही.

तोल

सुरक्षेबद्दल लिहायचे राहिले होते. ट्रेवर फक्त मुलासाठी ठेवलेलेच पदार्थ असत. टेबलावर सर्वांचे सगळे असते. खुर्चीत बसलेल्या मुलाचा हात पुढे किती पोहोचतो ते पाहावे आणि तेवढ्या अर्धवर्तुळात गरम भांडे, चहाचा कप किंवा सुरी ठेवू नये. टेबलक्लॉथ काही वर्षे कपाटातच राहू द्यावा, कारण त्याचे टोक ओढले की दूरचे गरम भांडेही जवळ येते. भाजलेच तर त्या भागावर वीस मिनिटे थंड वाहते पाणी सोडावे, बर्फ किंवा मलम लावू नये, आणि भाजलेला भाग मोठा असेल किंवा चेहरा, हात यांच्यावर असेल तर तातडीने डॉक्टरांकडे न्यावे.

घास घशात अडकण्याचा धोका चार वर्षांखालील मुलांना सर्वाधिक असतो, आणि मोठ्यांच्या ताटातले पदार्थ हाताशी आल्यावर तो वाढतो. द्राक्षे उभी चिरून चार तुकडे करावीत, कच्चे कडक गाजर किसून किंवा शिजवून द्यावे, आणि अख्खे दाणे, सुकामेवा व पॉपकॉर्न टाळावेत. श्वासनलिका पूर्ण बंद झालेले मूल खोकत नाही आणि रडतही नाही, त्यामुळे दुसऱ्या खोलीतून कानोसा घेणे पुरेसे नसते; मोठे माणूस त्याच्या समोर बसलेले हवे. खेळता खेळता येऊन घास घेणे थांबवण्याचे माझ्या दृष्टीने पहिले कारण हेच आहे. शिस्तीचा विचार त्यानंतर येतो.

पारंबी

नवी खुर्ची आली. पायपट्टी त्याच्या मापाला लावल्यावर जो फरक दिसला तो लिहिण्यासारखा आहे. पूर्वी चमचा उचलताना त्याचा डावा हात टेबलाची कड धरून असायचा. आता दोन्ही पावले पट्टीवर टेकवून तो बसतो, डाव्या हाताने वाटी धरतो आणि उजव्या हाताने चमचा तोंडापर्यंत नेतो. सांडते अजूनही, पण वाटी घसरत नाही. गुडघ्यांवर येणे जवळजवळ थांबले आहे. सासूबाईंनी पट्टा राहू द्या असे सुचवले आणि ते मला पटले, म्हणून खुर्चीबरोबर आलेला पट्टा आम्ही अजून बांधतो.

रात्रीचे जेवण मात्र जमत नाही. तो कंटाळलेला असतो आणि बसवताच रडतो. दुसरे असे की काही महिन्यांनी घरात दुसरे बाळ येणार आहे. जुनी हाय चेअर त्याच्या डोळ्यांसमोर राहू द्यावी की आताच उचलून ठेवावी?

आजोळ

अभिनंदन! रात्री त्याला आधी, भूक लागेल तेव्हाच जेवू घाल आणि तू त्याच्या समोर बस. नंतर तुम्ही जेवायला बसाल तेव्हा तो जागा असेल तर त्याला थोडा वेळ आपल्या खुर्चीवर बसू दे, समोर फळाचा एखादा तुकडा ठेव. सर्वांबरोबरचे जेवण दिवसातून एकदा झाले तरी पुष्कळ आहे.

जुनी खुर्ची आताच उचलून ठेव. बाळ सहाव्या महिन्याच्या सुमारास आधाराने बसू लागेल तेव्हाच ती लागणार, आणि तोपर्यंत याची टेबलाशी जागा पक्की झालेली असेल. आपली खुर्ची काढून बाळाला दिली असे त्याला वाटता कामा नये. बाहेर काढशील तेव्हा ती पुसायला त्याची मदत घे. आणि बाळाला पाहून त्यालाही तिच्यात बसावेसे वाटले, तर नाही म्हणू नकोस. पट्टा बांधून बसव, त्याची हौस लवकरच भागेल.

शिसवी

खुर्ची ठेवताना तिचे सर्व स्क्रू आणि सुटे भाग एका पिशवीत घालून तिलाच बांधावेत. पट्टे धुऊन पूर्ण वाळवावेत. पुन्हा जोडताना प्रत्येक स्क्रू आवळून खुर्ची चारही बाजूंनी हलवून पाहावी, बक्कल अनेकदा लावून-काढून तपासावे आणि पट्टा ताणून त्याची शिवण पाहावी. तुमचा मुलगा त्यातून रोज सुटण्याची खटपट करत होता, त्यामुळे बक्कल सैल झाले असण्याची शक्यता आहे. तसे असेल तर त्याच उत्पादकाचा नवा पट्टा मागवावा, आणि तो मिळत नसेल तर बाळासाठी दुसरी खुर्ची घ्यावी.